घरातलं माहितीचं कोठीघर

घरातली प्रत्येक मोलाची गोष्ट कुठे ठेवायची, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. दागिने लॉकरमध्ये, रेशनकार्ड नि विजेची बिलं कपाटातल्या फायलीत, वर्षाचे तांदूळ बोरिक पावडर लावून डब्यात. पण घरगुती धंद्याची माहिती कुठे ठेवलीय, असं विचारलं की बहुतेक जणी हातातला मोबाईल पुढे करतात. बचत गटांच्या कामानिमित्त मुलुंड, भांडुप, घाटकोपरला फिरताना हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय, की आता मलाच धडकी भरते.

त्याला कारणही तसंच आहे. मुलुंड पूर्वेला चौघीजणी मिळून ब्लाउजची शिलाई नि आरीकाम करतात. तळमजल्यावरचा छोटा गाळा, तीन मशिनं आणि एक जुना कॉम्प्युटर. ऐन दिवाळीच्या तोंडावर त्याची हार्डडिस्क बंद पडली. नक्षीकामाचे कित्येक वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकांची मापं, बिलं, उधारी, सगळं त्यातच. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. लग्नसराईतले पैसे कोणाकडून किती यायचे, हे आठवून आठवून लिहावं लागलं. प्रामाणिक गिऱ्हाइकांनी आपणहून आणून दिले, बाकीचे बुडाले. बँकेचा हप्ता भरायला त्यांच्यातल्या थोरल्या काकूंनी हातातली पाटली गहाण ठेवली.

"ताई, पुन्हा असं नको. आमची माहिती आमच्याच गाळ्यात, पण नीट राहील असं काही करता येईल का?" काकूंनी विचारलं. त्यातून हा सर्व्हरचा घाट घातला गेला. सर्व्हर म्हटलं की बँकेतली थंडगार खोली आठवते. पण सर्व्हर म्हणजे चौघींच्या मोबाईल-कॉम्प्युटरना एकाच ठिकाणी वस्तू ठेवायला नि काढायला देणारा, सतत चालू असलेला कॉम्प्युटर, एवढंच. आपल्या जुन्या घरांतल्या कोठीघरासारखा! मी कलाशाखेची, मला हीच उपमा कळली.

शेजारचा एक इंजिनिअर मुलगा मदतीला आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "मावशी, आधी सांगा, ठेवायचंय किती?" मोबाईलमधला एक फोटो साधारण ३-४ एमबीचा. चौघींचे मिळून दिवसाला ५० फोटो धरले, तर २०० एमबी. वर्षात कामाचे ३०० दिवस, म्हणजे ६० जीबी. बिलं नि मापं तर चिमूटभर. २ टीबीची डिस्क घेतली, तर व्हिडिओ धरूनही बरीच वर्षं चिंता नाही. गुगलची फुकट जागा १५ जीबी, आणि त्यांची अमर्याद फोटो साठवण्याची मोफत सोय तर १ जून २०२१ पासून बंद झाली, हेही त्यानेच सांगितलं.

दुसरा प्रश्न विजेचा. मुलुंडला वीज महावितरणची, आणि वापर वाढला की दराचा टप्पाही चढतो. जुना डेस्कटॉपच चालू ठेवला तर? तो साधारण ८० वॅट खातो. चोवीस तास, तीस दिवस धरले तर महिन्याला सुमारे ५८ युनिट. त्याऐवजी टिफिनच्या डब्याएवढा मिनी पीसी, डिस्क धरून सरासरी १५ वॅटचा, महिन्याला सुमारे ११ युनिट. हिशेबाला सोपं म्हणून युनिटला दहा रुपये धरा. वर्षाला साडेपाच हजारांच्या वर फरक! काकू म्हणाल्या, "म्हणजे जुनं फुकटचं महागात पडणार."

इंग्लंडमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकता यावा म्हणून २०१२ साली निघालेला रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर तर याहूनही कमी वीज घेतो. पण त्याच्या यूएसबीतून दोन डिस्कना पुरेशी वीज मिळत नाही, वेगळी वीज घेणारा हब लावावा लागतो. जुना लॅपटॉपही चालतो, त्याला स्वतःची बॅटरी असते. पण सतत चार्जिंगला राहून ती बॅटरी फुगत नाही ना, याकडे लक्ष हवं. आमच्या चौघींनी लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला मिनी पीसी आणला. डिस्क मात्र नव्या कोऱ्या. डब्बा जुना चालेल, पण डाळ शिळी नको!

सॉफ्टवेअरला पैसे पडले नाहीत. ओपनमीडियाव्हॉल्ट नावाची मोफत प्रणाली मिळते, ती डेबियन या लिनक्सवर चालते. विंडोजच्या कॉम्प्युटरशी तिची बोलणी सांबा करतो. हा आपला नाचाचा नव्हे! ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम आज जगभर वापरला जातो.

आता खरी गोम. सर्व्हर आणला म्हणजे माहिती सुरक्षित झाली, असं मुळीच नाही. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची युक्ती असते, पण चुकून एक फाईल पुसली, तर ती दोन्हीकडून जाते. म्हणून आमच्याकडे दुसऱ्या डिस्कवर रोज रात्री नक्कल होते आणि आधीच्या काही दिवसांच्या नकलाही राहतात. तिसरी डिस्क चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एकीच्या कपाटात असते. दर संकष्टीला ती गाळ्यात येते, ताजी नक्कल घेते नि परत जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जाणकारांचा नियम त्यांनी असा पंचांगात बसवला.

दुसरी जागा कशाला, असं विचारणाऱ्यांना २६ जुलै २००५ आठवावा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला नि तळमजल्यावरचे संसार पाण्यात गेले. म्हणूनच सर्व्हरसुद्धा जमिनीवर न ठेवता डोक्याच्या उंचीच्या फळीवर ठेवलाय, खिडकीच्या ओलीपासून दूर. दुसरं संकट म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारे व्हायरस. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने ब्रिटनमधली इस्पितळंसुद्धा अडवली होती. जी डिस्क वायरीला जोडलेलीच नाही, तिला असं कुलूप कोण लावणार? त्याच कारणाने हा सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवरून उघडत नाही. गाळ्यातल्या वायफायवर आलं, की मोबाईलमधले फोटो त्यावर चढवायचे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई नि उपनगरांची वीज गेली, ती काही भागांत कित्येक तास आली नाही. वीज अचानक गेली, तर लिहिता लिहिता फाईल बिघडते. त्यामुळे छोटा यूपीएस हवाच. घेताना यूएसबीची सोय असलेला मागा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर आपणहून नीट बंद होतो. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्चही आधीच धरून ठेवा. ज्यांची जीएसटीची नोंदणी आहे, त्यांना हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, हेही ध्यानात असू द्या.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो शेवटचा निर्णय. अनेक घरांत धंदा बाईचा असतो, पण पासवर्ड मुलाचा नाहीतर नवऱ्याचा. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला, नवरा आजारी पडला, किंवा नुसतं भांडण झालं, तरी तिचीच माहिती तिला परकी होते. चौघींनी ठरवलं की इंजिनिअर मुलगा मांडून देईल, पण किल्ल्या आमच्याकडे. पासवर्ड दोन सीलबंद पाकिटांत, दोघींच्या कपाटात. कसा बंद करायचा, कसा चालू करायचा, नक्कल कशी घ्यायची, हे मराठीत लिहून सर्व्हरशेजारी चिकटवलंय. आणि महिन्यातून एकदा, आळीपाळीने, एकीने तिसऱ्या डिस्कवरचं एखादं जुनं बिल उघडून दाखवायचं. उघडलं नाही, तर ती नक्कल नक्कलच नव्हे.

पहिल्या महिन्यात काकूंची पाळी आली. चष्मा पुसून त्यांनी स्वतः बिल उघडलं नि म्हणाल्या, "पाटली सोडवायला अजून दोन हप्ते आहेत. ते कुठून येणार, ते आता याच्यात दिसतंय."

तेव्हा मैत्रिणींनो, सर्व्हर प्रत्येकीला लागेल असं नाही. एकटीचाच धंदा असेल, तर दोन बाहेरच्या डिस्क नि शिस्त यांवरही भागेल. पण तुमची माहिती किती जागी आहे आणि ती तुम्हाला स्वतःला उघडता येते का, एवढे दोन प्रश्न आजच विचारून घ्या.