परदेशी निवृत्तिवेतन आणि आयकर विवरणपत्र : काय नोंदवावे, कोठे नोंदवावे?



परिचारिका, खलाशी वा शिक्षक म्हणून परदेशात आयुष्य वेचून आपली माणसे वार्धक्यात मायभूमीला परततात आणि तिकडचे निवृत्तिवेतन दरमहा जमा होत राहते. ‘तिकडे कमावलेल्या पैशावर इकडे कर कसला?’ अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. ती चुकीची आहे.

समजा, ब्रिटनमधील एका खाजगी रुग्णालयात सेवा करून एक भगिनी कामरगावी (ता. कारंजा, जि. वाशिम) स्थायिक झाली आहे. तिचे निवृत्तिवेतन तिकडच्याच जुन्या बँक खात्यात जमा होते. तिने काय करावे?

प्रथम ‘निवासी’ दर्जा पाहावा. आयकर कायद्यानुसार पूर्ण निवासी व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न करपात्र असते, मग पैसा भारतात आणलेला असो वा नसो. नुकत्याच परतलेल्यांना काही काळ ‘निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेला’ हा दर्जा मिळू शकतो. त्या काळात परदेशात मिळालेल्या अशा निवृत्तिवेतनावर येथे कर नसतो.

त्यानंतर दोन देशांमधील करार पाहावा. ब्रिटनच्या खाजगी मालकाकडील निवृत्तिवेतनावर कर फक्त भारतात लागतो. अमेरिकेतील खाजगी निवृत्तिवेतनाचेही तसेच. मात्र तेथील ‘सोशल सिक्युरिटी’वर कर फक्त अमेरिकेत लागतो. सरकारी सेवेच्या निवृत्तिवेतनाचा नियम निराळा आहे.

आयकर विभागाच्या विनामूल्य संगणक-प्रणालीत आधीच भरून येणाऱ्या माहितीत परदेशी निवृत्तिवेतन बहुधा नसते. ते आपणच भरावे लागते :

१. ‘सहज’ (आयटीआर-१) हा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ निवडावा.

२. निवृत्तिवेतन ‘वेतन’ या सदरात लिहावे. रुपयांत रूपांतर करताना ज्या महिन्याचे देणे असेल, त्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर घ्यावा. पतीच्या वा पत्नीच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र ‘इतर स्रोत’ या सदरात, ३१ मार्चच्या दराने लिहावे.

३. तीच रक्कम ‘एफएसआय’ या अनुसूचीत देशनिहाय पुन्हा दाखवावी. त्यामुळे उत्पन्न दुप्पट होत नाही. पण केवळ येथेच लिहून ‘वेतन’ सदर रिकामे ठेवणे ही चूक ठरते.

४. परदेशी बँक खाते ‘एफए’ अनुसूचीत लिहावे. तेथे आर्थिक वर्ष नव्हे, तर १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे वर्ष धरतात.

५. परदेशात करारानुसार कर कापला असेल, तर ‘टीआर’ अनुसूची आणि फॉर्म ६७ भरून सवलत मागावी. करार डावलून कापला असेल, तर तो त्या देशाच्या कर खात्याकडून परत मागावा.

यावर कोणी म्हणेल, ‘माझे उत्पन्न तुटपुंजे आहे, मला हे कशाला?’ आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत निवृत्तिवेतनातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास सर्वसाधारण उत्पन्नावर कर शून्य होतो. परंतु पूर्ण निवासी व्यक्तीचे परदेशात खाते असेल, तर कर शून्य असूनही विवरणपत्र अनिवार्य आहे. माहिती दडवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यान्वये १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. स्थावर मालमत्ता वगळता परदेशी मत्ता एकूण २० लाखांपर्यंत असल्यास १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दंड लागू होत नाही. तरी माहिती देण्याचे कर्तव्य उरतेच. शिवाय परदेशी खात्यांची माहिती देशादेशांतील करारांद्वारे आयकर विभागाकडे येत असते.

१ एप्रिल २०२६ हा नव्या आयकर कायद्याच्या अंमलाचा दिनांक आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागू राहतो. मागील वर्षांची नोंद राहून गेली असल्यास घाबरून गप्प बसू नये. चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घ्यावा.

कर भरणे हे सार्वजनिक हितासाठीचे नैतिक कर्तव्य आहे, अशी ख्रिस्तसभेची धर्मशिकवण आहे. कराचे नाणे मागवून प्रभू येशूने दिलेले उत्तर आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्या ज्येष्ठांनी निढळाच्या घामाने मिळवलेल्या या पैशाला भीतीचा डाग लागू नये. म्हणून घरातील संगणक जाणणाऱ्या मुला-नातवंडांनी एक संध्याकाळ आजी-आजोबांच्या कागदपत्रांसाठी द्यावी, ही नम्र विनंती.

– संपादक