मठातील दालने आणि कारागिरांचे हात

कॉन्व्हेंट म्हटले की आमच्या कराडात कोणालाही इंग्रजी शाळा आठवते. मूळ शब्दाचा अर्थ निराळा. संसार सोडून व्रतस्थ राहणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींचे निवासस्थान, म्हणजे साध्या मराठीत मठ. अशा एका जुन्या मठात आज कलावस्तूंची दालने आहेत, त्यांविषयी येथे सांगावयाचे आहे. हा काही आमचा प्रांत नव्हे. आमची हयात गेली ती कामगारांच्या सभांत आणि पगारवाढीच्या वाटाघाटींत. पण तेथे गेल्यावर आम्हांला प्रश्न पडला तो आमच्या धंद्यातलाच : हे सारे केले कोणी?

पणजीपासून सुमारे दहा किलोमीटरवर जुने गोवे आहे. तेथील टेकडीवर, ऑगस्टिनियन चर्चच्या पडक्या मनोऱ्यासमोर, सांता मोनिकाचा मठ उभा आहे. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी 1606 साली तो सुरू केला आणि 1627 साली बांधकाम पुरे झाले. 1636 साली आग लागली, तेव्हा तो पुन्हा बांधावा लागला. तीन मजले, मध्ये मोठा चौक आणि बाहेरून भिंतींना दिलेले जाडजूड आधार, असा सारा थाट आहे.

या मठाचा शेवट कसा झाला, हे जरा निवांतपणे सांगण्यासारखे आहे. 1834 साली पोर्तुगाल सरकारने धर्मसंघ बरखास्त केले. लवकरच गोव्यातल्या पुरुषांच्या मठांना कुलपे लागली. जोगिणींना मात्र कोणी घालवून दिले नाही. असलेल्यांनी राहावे, नवीन कोणी घेऊ नये, एवढेच ठरले. नवी भरती बंद करावयाची आणि जुनी माणसे संपण्याची वाट पाहावयाची, ही रीत गिरणीत काम केलेल्या माणसास समजावून सांगावी लागत नाही. एकेक खोली रिकामी होत गेली. शेवटची जोगीण वारली ती 1885 साली. म्हणजे हुकूम निघाल्यापासून सुमारे पन्नास वर्षे हा मठ मिटत होता. पुढे 1964 पासून तेथे जोगिणींच्या धर्मशिक्षणाची संस्था चालू झाली, आणि 2002 साली ख्रिस्ती कलेचे संग्रहालय या वास्तूत आले. ते मुळात 1994 साली राशोलच्या सेमिनरीत स्थापन झाले होते. मोठ्या दुरुस्तीनंतर 2022 साली ते पुन्हा खुले झाले.

आत चांदीच्या वस्तू, लाकडी मूर्ती, हस्तिदंती काम, जरीची वस्त्रे आहेत. आपल्या रक्तावर पिलांना पोसणाऱ्या पेलिकन पक्ष्याची चांदीची प्रतिमा पाहताना माणूस थबकतो. विषय युरोपातला, हात इथला. गोव्यात घडलेल्या हस्तिदंती मूर्तींत मेंढपाळ बाळ येशूचा एक प्रकार प्रसिद्ध आहे. मूल गालाला हात लावून, डोळे मिटून बसलेले असते. ध्यानस्थ बुद्ध पाहिलेल्यास ती शांती ओळखीची वाटते. चर्चमधल्या व्यासपीठांखाली तर नागकन्यांसारख्या आकृती कोरलेल्या आढळतात. कारागिराला नमुना परका मिळाला, पण बोटांना वळण आजोबांचे होते, ते कोठे जाणार?

आणि येथेच खरी मौज आहे. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती पूजेच्या वस्तू घडवू नयेत, असे हुकूम सोळाव्या शतकात गोव्यात निघाले, आणि तेही एकदाच नव्हे. हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो, याचा अर्थ तो पाळला जात नाही. चांदी ओतणारा दुसरा माणूस आणावयाचा कोठून? हुकूम काढणारे आणि काम सांगणारे एकाच वर्गातले होते, ही गोष्ट आम्हांस मुळीच विचित्र वाटली नाही. रावळू शेट नावाच्या गोमंतकीय सोनारास 1518च्या सुमारास थेट लिस्बनला राजा मानुएलच्या कामासाठी नेले होते, अशी नोंद आहे. बाकी शेकडो हात निनावी राहिले.

नाव कोरण्याची चाल आपल्या देशात नव्हती, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीव काम आपण केल्याचे लिहून ठेवले आहे. भारहुतच्या स्तूपावर करहाकटाच्या निगमाने, म्हणजे आपल्या कराडच्या नागर मंडळाने, दान दिल्याचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावची मंडळी संघटित होती आणि एकत्र मिळून वर्गणी देत होती, हे वाचून आम्हांस किती बरे वाटले म्हणून सांगू! मात्र त्या लेखात देणाऱ्यांचे नाव आहे, छिन्नी चालविणाऱ्याचे नाही.

सांता मोनिकेत जाल तेव्हा मूर्ती मागच्या बाजूनेही पाहता आली तर पाहावी. पुढून ती देवाची असते, मागून कारागिराची. हत्यार कसे फिरले, सुळ्याचा बाक कसा सांभाळला, सांधा कोठे दिला, ते तेथे कळते. आणि दाराशी जो पहारेकरी असेल त्याला नमस्कार करावा. 2012 साली या संग्रहालयात चोरी झाली, तेव्हा रात्रपाळीचा पहारेकरी मारला गेला.