चित्रसृष्टी, अमली पदार्थ आणि कलम २७-अ

२०२० मध्ये बंगळुरूतील कन्नड आणि मुंबईतील हिंदी चित्रसृष्टी अमली पदार्थांच्या तपासाने ढवळून निघाल्या. मात्र मुंबईच्या प्रकरणाचे खरे महत्त्व त्यातील नावांपेक्षा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम २७-अ मध्ये आहे. अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यास किंवा गुन्हेगाराला आश्रय देणाऱ्यास या कलमाने १० ते २० वर्षांची सक्तमजुरी ठरवली असून, ते लागले की आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण दिसल्याखेरीज न्यायालयाला जामीन देता येत नाही. ८ सप्टेंबर २०२० रोजी अटक झालेल्या अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांच्यावर हेच कलम लावले गेले, कारण दिवंगत अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या अमली पदार्थ सेवनासाठी पैसे देणे म्हणजे अर्थपुरवठा, असा तपास यंत्रणेचा दावा होता. ७ ऑक्टोबरला जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. सारंग कोतवाल यांनी तो अमान्य केला. प्रसिद्ध व्यक्तींना अधिक कठोरपणे वागवावे, हा युक्तिवादही त्यांनी फेटाळला, आणि वृत्तवाहिन्यांवरील तेव्हाचा गोंगाट पाहता तो भाग विशेष मोलाचा वाटतो. त्याच निकालाने, तुलनेने कमी चर्चा होऊन, या कायद्याखालील सर्व गुन्हे अजामीनपात्र असल्याचेही सांगितले.