पान पडद्यावर देखणे, कागदावर का बिघडते?

आपल्यापैकी पुष्कळजणी घरच्या संगणकावर डीटीपीची कामे करतात. कोणी लग्नपत्रिका जुळवतात, कोणी महिला मंडळाची स्मरणिका, तर माझ्यासारख्या अर्धवेळ शिक्षिकेच्या गळ्यात शाळेचा वार्षिक अंक पडतो. पडद्यावर पान कसे अगदी देखणे दिसते. छपाईची आज्ञा दिली की मात्र रडगाणे सुरू! कधी कोरा कागद बाहेर येतो, कधी मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी, कधी काहीच येत नाही. शाई आणि कागद जातो आपल्या मिळकतीतून, आणि दिलेली तारीख चुकली की पुढचे काम दुसरीकडे जाते. म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबण्याआधी बिघाड कुठे आहे ते हुडकावे. बिघाडाच्या जागा तीनच: प्रिंटर, पान जुळवायचे सॉफ्टवेअर आणि त्यातून निघणारी पीडीएफ.

आधी प्रिंटर

नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून ती छापून पाहा. तीही येत नसेल तर तुमच्या पानाचा काहीच दोष नाही. कागद, शाई, वायर पाहून घ्या. मग प्रिंटरची रांग उघडा. आधीचे एखादे काम तिथे अडकून बसले की मागची सगळी खोळंबतात. सगळी कामे रद्द करून प्रिंटर आणि संगणक दोन्ही बंद करा व पुन्हा सुरू करा. आणखी एक गंमत बरं का! विंडोज १० आणि ११ मध्ये, शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य धरण्याची सोय आहे. ती चालू असली तर काम भलत्याच प्रिंटरकडे जाते आणि आपण कागदाची वाट बघत बसतो. छपाईच्या चौकटीत प्रिंटरचे नाव रोज वाचायची सवय ठेवा.

मग पीडीएफ

नोटपॅडची ओळ छापली गेली, पण पान नाही, तर त्या पानाची पीडीएफ बनवा. पीडीएफ ठीक दिसते पण कागदावर बिघडते, असे असेल तर अ‍ॅडोबी रीडरच्या छपाईच्या चौकटीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ निवडा. छपाई सावकाश होईल, पण वेळ निभावून जाते.

पीडीएफच बनत नसेल तर निम्मे-निम्मे करण्याची युक्ती वापरा. समजा ३२ पाने आहेत. आधी पहिल्या १६ पानांची पीडीएफ करून बघा. अडली तर दोष त्यांतच. नाही तर उरलेल्या १६ मध्ये. मग ८, ४, २ असे करत पाच खेपांत नेमके पान हाती लागते. त्या पानावरचे चित्र काढून पाहा, मग फाँट बदलून पाहा. बहुधा या दोहोंपैकीच एक चोर असतो.

मराठी अक्षरांचे दुखणे

जुन्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फाँट छापखान्याच्या संगणकावर नसला की उघडलेल्या पानात नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. आमच्या अंकाच्या वेळी एका छापखान्यातून असाच नमुना आला. पाचवीच्या मुलांची नावे ओळखूच येईनात. उपाय साधा आहे: मूळ फाइलऐवजी, फाँट आत बसवलेली पीडीएफ द्यावी. रीडरमध्ये ‘प्रॉपर्टीज’मधील ‘फाँट्स’ उघडा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ शब्द दिसला की निर्धास्त व्हा.

युनिकोड फाँटची तऱ्हा वेगळी. ‘कविता’मधली वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरे सुटी होतात. यात फाँटचा दोष असेलच असे नाही. सॉफ्टवेअरला अक्षरे जोडता यायला हवीत. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. फुकट मिळणाऱ्या स्क्रायबसची १.६ ही २०२४ सालची आवृत्ती देवनागरी नीट जोडते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. त्यातली जुनी कामे असतील तर त्यांच्या पीडीएफ काढून ठेवलेल्या बऱ्या. तसेच ‘टाइप १’ जातीच्या जुन्या फाँटचा आधार अ‍ॅडोबीने जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. जुने काम उघडताना फाँट हरवल्याची सूचना आली तर हेही कारण असू शकते.

फोटो आणि कडा

पानात दिसतो तो पुष्कळदा फोटोचा नमुना असतो. खरा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये. तो हलवला किंवा त्याचे नाव बदलले की छपाईत धुरकट ठिपके येतात. सगळे फोटो कामाच्याच फोल्डरमध्ये ठेवावेत. मोबाइलवरच्या गप्पांतून आलेले फोटो बारीक झालेले असतात, ते टाळा. कागदावर १० सेंटिमीटर रुंद फोटो स्वच्छ हवा असेल तर त्याची रुंदी सुमारे १,२०० पिक्सेल हवी. पानाच्या कडेपर्यंत रंग असेल तर कापण्यासाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा सोडा. आणि छापताना ‘फिट’ऐवजी ‘अ‍ॅक्चुअल साइज’ निवडा, नाही तर सगळे पान किंचित आक्रसते.

एवढे सगळे जमले तरी छापखान्यात पाठवण्याआधी एक प्रत कागदावर काढाच. आपले नाव छापून आलेले मूल आयुष्यात पहिल्यांदा पाहते ते अशाच एखाद्या शाळेच्या अंकात. ‘प्राची’ची ‘पराची’ झाली तर तिला फाँट आणि पीडीएफची कारणे सांगून काय उपयोग? म्हणून ती प्रत वर्गात फिरवा आणि ज्याचे नाव त्यालाच वाचायला द्या. मुलांच्या नजरेतून चूक सुटत नाही.