यंत्र कोणाचे?

मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता जेथे मिळतो, त्या नाशिकच्या द्वारका चौकाभोवतीचा जिल्हा द्राक्षे, कांदा व टोमॅटो पिकवितो. टोमॅटो नाशवंत, तो धुणे, शिजविणे व हवाबंद करणे ही कामे वेगाने आणि स्वच्छतेने व्हावयाची, तर यंत्राची साखळी हवीच. मोहाडीची 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी अशीच प्रक्रिया करते.

याउलट, १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या 'लिज्जत'चा पापड आजही हातानेच लाटला जातो. केंद्रावरील पीठ भगिनी घरी नेतात आणि पापड लाटून परत आणतात. लाटण्याचे यंत्र बाजारात मिळत नाही असे नव्हे. परंतु ज्यांचा रोजगार त्याने जाईल, त्याच येथे मालक आहेत.

तेव्हा वाद यंत्र की हात असा नाहीच. निर्णय व नफा कोणाच्या हाती, हा खरा प्रश्न होय. खासगी कारखान्यात यंत्र येते, तेव्हा कंत्राटी कामगाराला सहसा कोणी विचारीत नाही. वाचलेल्या श्रमाचे मोल त्याला प्रशिक्षणाच्या व वेतनाच्या रूपाने मिळावयास हवे. अन्यथा उत्पादन वाढेल. त्याला प्रगती मात्र म्हणता येणार नाही.