सात सेकंदांची चिठ्ठी

बॅलट युनिटवरचं निळं बटण दाबलं की शेजारच्या पेटीच्या खिडकीत दिवा लागतो. काचेआड एक चिठ्ठी दिसते. अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव, चिन्ह. सात सेकंदांनी ती कापली जाऊन खालच्या बंद कप्प्यात पडते, आणि मतदान केंद्रात लांबलचक ‘बीप’ ऐकू येतो. ही पेटी म्हणजे व्हीव्हीपॅट. आपलं मत कुणाला गेलं हे मतदाराला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल असा सगळ्या यंत्रणेतला हा एकमेव कागद, म्हणून मी तिला बॅलट आणि कंट्रोल या बाकीच्या दोन युनिटांपेक्षा जास्त मानतो.

मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं १९८२ साली, केरळमधल्या परूरच्या निवडणुकीत, ५० केंद्रांवर. तेव्हाच्या कायद्यात यंत्राला जागाच नव्हती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान घ्यायला लावलं आणि विजयी उमेदवार बदलला. पुढे कायदा दुरुस्त झाला. १९९९ मध्ये गोव्याची अख्खी विधानसभा यंत्रावर निवडली गेली, २००४ मध्ये लोकसभा. कागद परत आला तोही न्यायालयामुळेच. सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाल लागला, आणि २०१९ च्या लोकसभेला ही पेटी देशभर पोहोचली.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. बॅलट आणि कंट्रोल युनिटला उमेदवारांची नावं ठाऊक नसतात; त्यांना कळतो तो फक्त बटणाचा क्रमांक. चिठ्ठी छापायची तर नाव आणि चिन्ह पेटीत भरावं लागतं. ते ‘सिम्बॉल लोडिंग युनिट’मधून भरलं जातं. म्हणजे पडताळणीसाठी आणलेल्या यंत्रातच बाहेरून माहिती भरण्याची एक वाट आली. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही युनिटं निवडणुकीच्या निकालानंतर किमान ४५ दिवस मोहोरबंद ठेवायला सांगितली, ती उगाच नव्हे.

चिठ्ठीची खरी किंमत मतमोजणीच्या दिवशी कळते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं सोडत काढून निवडतात. केंद्र क्रमांकाची कार्डं, क्रमांक दिसू नये अशी चार घड्या घालून, डब्यात टाकून हलवायची आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर उचलायची. मोजणी होते ती बँकेतल्या कॅशियरच्या पिंजऱ्यासारख्या जाळीच्या कक्षात. आत उमेदवारागणिक एकेक खण. चिठ्ठ्या खणांत लावायच्या, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे, बेरीज कंट्रोल युनिटच्या आकड्याशी ताडून पाहायची. काम संथ आहे, पण जाळीबाहेर उभ्या प्रतिनिधीला ते समजतं. तिथे संगणक कळणारा माणूस लागत नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये हीच कसोटी लावली होती: तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही निवडणुकीचे मुख्य टप्पे आणि निकाल तपासता आले पाहिजेत.

माझी तक्रार त्या पाचच्या आकड्याबद्दल आहे. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला, इंदूरचा ११ लाखांहून अधिक मतांनी. दोन्हीकडे नियम एकच, विधानसभा क्षेत्रामागे पाच केंद्रं. मुंबईत सहा क्षेत्रांची मिळून तीस. इंदूरसारख्या निकालाची खातरजमा थोड्या चिठ्ठ्यांत होते. ४८ मतांचा फरक असेल तिथे सगळ्याच मोजायला हव्यात. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात २०१७ पासून किती मतपत्रिका तपासायच्या हे मताधिक्य पाहून ठरतं. आपल्याकडे निवडणूक नियमांतल्या ५६-ड खाली उमेदवार चिठ्ठ्या मोजण्याचा लेखी अर्ज करू शकतो, आणि तफावत निघाली तर चिठ्ठीचाच आकडा ग्राह्य धरला जातो. म्हणजे कायद्याने कागदाला यंत्राच्या वर बसवलं आहे. पण तो अर्ज मंजूर करायचा की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. हरलेल्या माणसाला निकाल पटायला हवा असेल, तर अटीतटीच्या लढतीत ही मोजणी त्याला हक्काने मिळाली पाहिजे.

आणि महाराष्ट्रातल्या महापालिका, नगरपालिकांच्या निवडणुकीत तर ही पेटीच नसते. बहुसदस्यीय प्रभागात एक मतदार अनेक मतं देतो, त्यासाठी यंत्र तयार नाही, हे कारण दिलं जातं. पण मुंबई महापालिकेत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो. तिथे तरी ही पेटी लावायला हरकत काय?