घर आणि भूमी : लेखांक ९ — पायाभोवतीचा निचरा बदलण्याचा खर्च

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे दोन रस्ते जेथे एकत्र येतात त्या तेलगावी, लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात आणि सडकेच्या दोन्ही अंगांना जी नवी वस्ती पसरत गेली आहे, ती बव्हंशी काळ्या जमिनीवर उभी आहे. वस्ती पांढरीवर आणि पीक काळीवर, ही मराठवाड्याच्या गावरचनेची जुनी वहिवाट केवळ रूढी म्हणून पडलेली नव्हती. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे, तिच्यावरचे पाणी वाहून जाई, आणि तिची माती काळीइतकी फुगत नसे. ती वहिवाट मोडून आपण शेतात घरे बांधली, आणि म्हणूनच मागील लेखांकात वर्णिलेला, खडी व छिद्रांचा पाइप घातलेला निचऱ्याचा चर आता अनेक घरांना अपरिहार्य झाला आहे. तो एकदा बुजला म्हणजे नव्याने करण्यास काय पडते, हा आजचा विषय.

काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. वैशाखात जिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात तीच जमीन भाद्रपदात फुगून जोत्याला वर रेटते. त्यातही घराच्या मधल्या भागाखालची माती दमट राहते आणि कडेची मात्र ऋतूप्रमाणे पालटते, यामुळे खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. तेव्हा येथे निचऱ्याचे प्रयोजन जमीन कोरडी ठणठणीत करणे हे नसून तिचा ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा राखणे हे आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जी अतिवृष्टी कोसळली तिच्यासारख्या प्रसंगी हा भेद विशेषेकरून लक्षात घ्यावा लागतो.

अशा चराला जगभर ज्यांचे नाव मिळाले त्या हेन्री फ्रेंच या अमेरिकन न्यायाधीशांनी १८५९ साली जो ग्रंथ लिहिला तो शेताच्या निचऱ्यावर होता, आणि शेताच्या निचऱ्याला शेवटी ओढा किंवा नाला सापडतो. तेलगावच्या सपाट प्लॉटात तो सापडेलच असे नाही. शेजाऱ्याने भराव घातला, पुढचा रस्ता उंच झाला, आणि पाइपाचे तोंड जमिनीखाली गाडले गेले, एवढ्यानेच पुष्कळ चर निकामी होतात. तेथे सबंध चर उकरणे हा निव्वळ अपव्यय होय. तोंड मोकळे करून, छताच्या पन्हळीचे व न्हाणीचे पाणी पायापासून दूर नेऊन पाहावे, आणि त्यानंतरही पाइपातून पाणी येत नसेल तरच तो बारीक मातीने भरला आहे असे समजून पुढील अंदाजपत्रक करावे. पाण्याला बाहेर वाट नसताना केलेला खडीचा चर हा पायाशेजारी आपल्या हाताने बांधलेला हौदच ठरतो, आणि काळ्या जमिनीत तो नसलेला बरा.

घर ४० फूट लांब व ३० फूट रुंद आहे असे धरू. भिंतीपासून एक फूट सोडून दोन फूट रुंदीचा चर घेतल्यास त्याची मध्यरेषेवरील लांबी १५६ फूट भरते. सरासरी खोली चार फूट धरली तर खोदाई १,२४८ घनफूट, म्हणजे सुमारे साडेबारा ब्रास होते. खोदलेली माती सुटी होऊन फुलते, म्हणून वाहून न्यावयाची माती सोळा ब्रासच्या घरात जाते, आणि ट्रॅक्टरच्या एका खेपेस एक ब्रास या हिशेबाने तितक्याच खेपा लागतात. पाइपाभोवती दीड फूट थर देण्यास खडी साडेचार ब्रासच्या आसपास लागते. चार इंची, छिद्रांचा पीव्हीसी पाइप, बाहेर काढण्याचे ६० फूट धरून, वीस फुटी अकरा नगांत भागतो. यांखेरीज खडी गुंडाळण्याचे गाळणीचे कापड, वरच्या थरासाठी दाबून बसविलेला मुरूम, आणि सर्वांवर घराबाहेर उतरती फरशी. खडी-मुरुमाचे दर खाणीचे अंतर, डिझेल आणि गौण खनिजाचे स्वामित्वधन यांवर हलत असतात. परिमाणे मात्र स्थिर राहतात, म्हणून ही परिमाणे कागदावर मांडून त्या दिवसाचे दर त्यांपुढे लिहावेत, आणि पडताळ्यास सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हाताशी ठेवावी.

असे केले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. लोक घासाघीस करतात ती पाइपाच्या भावावर, आणि पाइप हीच या कामातील किरकोळ बाब आहे. खरा पैसा खोदाईत, वाहतुकीत आणि मोडलेले पूर्ववत करण्यात जातो: पायऱ्या, ओटा, तुळशीवृंदावन, शौचालयाची टाकी, सांडपाण्याचे नळ, जे जे चराच्या रेषेत येते ते ते. दोन घरांमधील बोळात जेसीबी शिरत नाही, आणि शिरला तरी पायालगत सबंध लांबी एकदम उघडी करणे धोक्याचे असते. काम थोड्या थोड्या लांबीने, पायाच्या तळाखाली न जाता, कुदळ-फावड्यानेच करावे लागते.

मजुरीचा प्रश्न या भागात आणखी निराळा आहे. खोदाईला माती योग्य असते ती पावसाळा सरल्यावर आणि भेगा पडण्यापूर्वी. आणि नेमक्या त्याच महिन्यांत येथील मजूर-कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर, ऊसतोडीला गेलेली असतात. मागे राहिलेल्या हातांची रोजी साहजिकच चढते. ती द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे; स्वस्त मजुरीसाठी काम वैशाखावर ढकलले तर भेगाळलेल्या, आकसलेल्या जमिनीवर चराचा उतार बसवावा लागतो आणि पहिल्या पावसात जमीन फुगताच तो बिघडतो.

गुत्तेदाराशी करार उक्ता न करता मोजणीवर करावा, आणि त्यात तीन अटी लेखी घालाव्यात. शंभर फुटांस एक फूट हा उतार पाणपातळीने तपासल्याशिवाय पाइप झाकू नये; चर बुजविण्यापूर्वी मोजणी व्हावी; आणि पाइपाच्या वरच्या टोकाला घागरभर पाणी ओतून ते बाहेरच्या तोंडातून पडलेले उभयतांनी पाहावे. बिलाचा काही हिस्सा पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्यास कोणताही प्रामाणिक गुत्तेदार हरकत घेत नाही. ज्यांच्या प्लॉटाला कोणत्याच बाजूस उतार नाही त्यांना मात्र पायापासून दूर शोषखड्डा किंवा पंपाची टाकी यांपैकी एक पत्करावे लागेल. त्याचा हिशेब पुढील लेखांकात.